शेतकऱ्यांची यादी दोनदा दिसते: विंडोज, मॅक आणि एनएएसमध्ये बिघडणारी फाइलनावं

खानापूर_दप्तर

नमस्कार मंडळी. आमच्या खानापूरच्या (बेळगाव जिल्हा) संस्थेच्या जुन्या दप्तराचं स्कॅनिंग चालू आहे. १९५६ च्या आधीचे, म्हणजे मुंबई राज्याच्या काळातले कागद मराठीत आहेत आणि नंतरचे बरेचसे कन्नडमध्ये. आतापर्यंत ६,२०० च्या आसपास पीडीएफ आणि टिफ झाल्या. नावं ज्याच्या त्याच्या भाषेत दिली आहेत आणि ती तशीच राहावीत अशी इच्छा आहे.

फाइली तीन ठिकाणी आहेत. स्कॅनरच्या पीसीवर विंडोज ७. छपाईचं काम मॅकवर, त्याला जोडलेली जुनी बाहेरची डिस्क 'मॅक ओएस एक्स्टेंडेड' फॉरमॅटची. आता सगळं एका एनएएसवर (नेटवर्कवरची सामायिक साठवण-पेटी, आत लिनक्स) आणायचं आहे, शिवाय एक प्रत एक्सफॅट पेनड्राइव्हवर. अडचणी अशा:

१) मॅकवर झिप करून विंडोजवर उघडलं की नावांच्या जागी ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, हेच पुन्हा पुन्हा. कन्नड नावांत अल्फा आणि जाळीदार काळे चौकोन. काही फोल्डरांत नुसती प्रश्नचिन्हं.

२) एनएएसवर 'शेतकऱ्यांची यादी' एकाच फोल्डरमध्ये दोनदा. अक्षर न् अक्षर सारखं. मॅकवर कॉपी करायला गेलं की 'या नावाची फाइल आधीच आहे' म्हणतो.

३) एनएएसवरच्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये काही फाइली 'नाव फार लांब' म्हणून जात नाहीत. नाव मोजलं तर पाच-सहाच शब्द.

४) पहाणी उताऱ्यांचे (जमिनीच्या नोंदींचे) नंबर. ४५/*/२ असं नाव विंडोज घेतच नाही, मॅक घेतो, आणि मॅकवरून एनएएसवर गेल्यावर मधे चौकोन दिसतात.

रोजचं काम थांबवून सगळं हातानं बदलणं शक्य नाही. कुठून सुरुवात करायची?

टिळकवाडी_डीटीपी

पहिल्या अडचणीपुरतं सांगतो. गिचमिड नीट बघा, तिच्यातच रोगाचं निदान आहे.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (यूनिकोड अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) तीन बाइटचं असतं. पहिले दोन जवळजवळ ठरलेले: हेक्समध्ये (सोळा-आधारी आकड्यांत) ई० आणि मग ए४ किंवा ए५. हे बाइट जुन्या डॉस कोडपेज ४३७ (कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर याचा तक्ता) प्रमाणे वाचले तर ई० चा अल्फा होतो आणि ए४, ए५ चे नागमोडी रेघवाले लहान आणि मोठे एन. कन्नडचे पहिले दोन बाइट ई० बी२ किंवा ई० बी३. ४३७ मध्ये बी२ म्हणजे जाळीचा चौकोन आणि बी३ म्हणजे उभी रेघ. तुम्हाला नेमकं तेच दिसतंय, तेव्हा तुमचा डेटा शाबूत आहे. फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला गेलाय.

सुरुवातीला अल्फाऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला मोठा ओ दिसला तर कोडपेज ८५०. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान ए आणि त्यापुढे चलनाची गोल खूण किंवा येनची खूण दिसली तर विंडोज १२५२. याच १२५२ मध्ये कन्नड नाव असेल तर ए च्या पुढे वर चढवलेला छोटा २ किंवा ३ येतो.

कारण असं. झिपमध्ये प्रत्येक फाइलमागे एक खूण असते, सामान्य ध्वजांतला ११ वा बिट. तो लावलेला असेल तर 'नाव यूटीएफ-८ मध्ये आहे' असं उघडणाऱ्याला कळतं. मॅकचं स्वतःचं झिप नाव यूटीएफ-८ मध्येच लिहितं पण हा बिट लावत नाही. मग विंडोज जुन्या नियमानं डॉसचं कोडपेज धरतं.

मूळ झिप अजून असेल तर गिचमिड नावांच्या फाइली दुरुस्त करत बसू नका. त्या पुसा आणि झिप पुन्हा उघडा, पण सेव्हन-झिपच्या कमांडनं: सेव्हन-झेड, मग एक्स, मग झिपचं नाव, मग '-एमसीपी=६५००१'. ६५००१ हा यूटीएफ-८ चा कोडपेज नंबर. (इथं आज्ञा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात रोमन.) लिनक्सवर 'अनआर' वापरा, तो एन्कोडिंग स्वतः ओळखतो. उघडण्याआधी 'एलएसएआर'नं नुसती यादी बघून घ्या.

मूळ झिप गेली असेल तर पायथनमध्ये नाव आधी सीपी४३७ मध्ये एन्कोड करायचं आणि लगेच यूटीएफ-८ नं डीकोड करायचं. ४३७ च्या २५६ ही जागा भरलेल्या आहेत, म्हणून एकही बाइट हरवत नाही. १२५२ मध्ये मात्र पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आपलं दुर्दैव असं की ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आणि हलन्ताचा ८डी. म्हणजे १२५२ मधून आलेल्या गिचमिडीत उकार आणि जोडाक्षरंच आधी अडखळतात. तिथं सरळ रूपांतर चुकलं म्हणून सगळं गेलं असं समजू नका, त्या जागी अदृश्य नियंत्रण-चिन्हं बसलेली असतात. तेवढी हातानं त्या बाइटला जोडली की नाव परत येतं.

प्रश्नचिन्हांचं तसं नाही. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचं कोडपेजच नाही. यूनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रॅमनं नाव लिहिलं की प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह किंवा अधोरेषा बसते. ते नाव गेलं, ते आतला कागद बघूनच पुन्हा द्यावं लागणार.

पुढच्यासाठी: मॅकवरून झिप करूच नका, एक्सफॅट डिस्कवर सरळ कॉपी करा. गठ्ठा बांधायचाच असेल तर ७झेड प्रकार घ्या, त्यात नावं यूनिकोडमध्येच असतात. विंडोज ७ च्या एक्सप्लोररमधलं 'कॉम्प्रेस्ड फोल्डर' तर देवनागरी नाव दिसलं की नकारच देतं, तिथंही सेव्हन-झिपच लागेल. आणखी एक: नाव श्री-लिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमधून कॉपी करून चिकटवलं असेल तर ती गिचमिड वेगळी. तिथं बाइट बरोबर असतात, अक्षरंच रोमन असतात. त्याला फॉन्ट-कन्व्हर्टर हवा, वरचा एकही उपाय लागू नाही.

येळ्ळूर_लिनक्स

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. प्रश्नचिन्ह दिसलं की नाव गेलंच असं धरू नका. दोन ठिकाणी ते फक्त दाखवण्यातलं असतं.

एक, फॅट पेनड्राइव्ह लिनक्सवर हातानं माउंट केला आणि 'यूटीएफ८' हा पर्याय दिला नाही, तर नावातली देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन दिसते आणि फाइल उघडतही नाही. डिस्कवर नाव जसंच्या तसं असतं. ड्राइव्ह काढून 'यूटीएफ८' पर्यायासह पुन्हा माउंट करा. प्रश्नचिन्हं दिसत असताना त्या फाइलींचं नाव बदलायला जाऊ नका, तेवढं सांभाळा.

दोन, एनएएसवर एसएसएचनं (दुरून, कमांडच्या खिडकीतून) शिरलात आणि लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) 'सी' असेल तर 'एलएस' प्रश्नचिन्हं दाखवतो, किंवा ३४०, २४४, २५४ असे आकडे. हे तीन आकडे म्हणजे 'ब' चे तीन बाइट, ऑक्टलमध्ये. लोकेल यूटीएफ-८ चं केलं की नाव दिसायला लागतं.

खात्री करायची असेल तर यादी हेक्सडम्पमधून काढा. ३एफ दिसलं तर खरं प्रश्नचिन्ह, ई० ए४ दिसलं तर नाव जिवंत.

मलप्रभाकाठ

दुसरी आणि तिसरी अडचण मी घेतो. दोन्हीचं मूळ एकाच अक्षरात आहे: ऱ.

'शेतकऱ्यांची', 'उताऱ्यांची', 'कऱ्हाड', 'दुसऱ्या' या शब्दांतला अर्धा र संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो आणि पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिली: ऱ हे एकच चिन्ह (०९३१), मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून मिळतं ते हेच. दुसरी: साधा र (०९३०), त्याला नुक्ता (०९३सी), मग हलन्त, मग य. तिसरी: र, हलन्त, त्यामागे न दिसणारं जोड-चिन्ह (२००डी), मग य. पहिलीला ९ बाइट लागतात, बाकी दोघींना १२.

यूनिकोडच्या दृष्टीनं पहिली आणि दुसरी समान आहेत. एक जोडलेलं रूप, दुसरं तोडलेलं. तुमची ती 'मॅक ओएस एक्स्टेंडेड' डिस्क नावं तोडलेल्या रूपातच साठवते, तुम्ही काहीही टाइप केलं तरी. २०१७ साली आलेली मॅकची एपीएफएस ही नवी व्यवस्था दिलं ते रूप ठेवते, पण दोन्ही रूपांना एकच नाव मानते. लिनक्स आणि विंडोज मात्र बाइट वेगळे म्हणजे फाइल वेगळी असं धरतात. म्हणून स्कॅनरकडून आलेली एक आणि मॅकच्या डिस्ककडून आलेली दुसरी एनएएसवर शेजारी शेजारी बसल्या, आणि मॅककडे निघाल्या की अडल्या. तिथं 'रिप्लेस' दाबलं की एक फाइल कायमची गेली. दोन्हींत एकच मजकूर असेल असं बिलकुल गृहीत धरू नका.

कन्नड नावांना हा त्रास मराठीपेक्षा जास्त. कन्नडमधली दीर्घ ईची, दीर्घ एची, ऐची, ऱ्हस्व ओची आणि दीर्घ ओची मात्रा अशा पाचही मात्रा तोडलेल्या रूपात दोन किंवा तीन तुकडे होतात. कन्नडमध्ये लिहिलेलं चिक्कोडी, गोकाक, बैलहोंगल ही नावं बदलतात. बेळगावी, खानापूर, निपाणी यांत यातली एकही मात्रा नाही, म्हणून ती सुटतात. काही फोल्डरांतच जोड्या का दिसतात याचं उत्तर बहुतेक हेच.

आता लांबी. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, २५५ अक्षरं नव्हे. देवनागरीत ती ८५ चिन्हांवर संपते, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे प्रत्येक वेगळं चिन्ह. एनएएसवरचं एन्क्रिप्टेड फोल्डर ईक्रिप्टएफएसवर चालत असेल तर तीच मर्यादा १४३ बाइट होते, म्हणजे देवनागरीत ४७ चिन्हं. विंडोजचं एनटीएफएस आणि एक्सफॅट हे दोघेही यूटीएफ-१६ च्या एककांत २५५ मोजतात, त्यात देवनागरीचं एक चिन्ह एकच धरलं जातं. म्हणून तिथं कधी कुरबुर झाली नाही.

एक नाव मोजून दाखवतो:

खानापूर तालुका शेतकऱ्यांच्या उताऱ्यांची यादी १९५५.पीडीएफ

(शेवटचं 'पीडीएफ' प्रत्यक्षात रोमन, बिंदूसह ४ बाइट.) डोळ्यांना शब्दांची अक्षरं १८ आणि आकडे ४ दिसतात. संगणकाला देवनागरी चिन्हं ४४, त्यांचे १३२ बाइट. मोकळ्या जागा ५. एकूण १४१. एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये हे जेमतेम बसतं. आता हेच नाव मॅकच्या त्या डिस्कवरून आलं तर दोन ऱ तुटून सहा बाइट वाढतात, १४७ होतात आणि फाइल अडते. एकच नाव, एका वाटेनं जातं आणि दुसऱ्या वाटेनं जात नाही. वर्षाचे चार आकडे रोमन केले तर ८ बाइट वाचतात आणि तुटलेलं रूपसुद्धा १३९ मध्ये बसतं. फाइलनावात आकडे रोमन ठेवा असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी. शोधतानाही १९५५ एकाच प्रकारे टाइप करावं लागतं.

दुरुस्ती अशी. एनएएसवर किंवा कोणत्याही लिनक्सवर 'कॉन्व्ह-एमव्ही' बसवा. आज्ञा: कॉन्व्ह-एमव्ही, '-एफ यूटीएफ८', '-टी यूटीएफ८', '--एनएफसी', '-आर', मग फोल्डरचं नाव. एनएफसी म्हणजे जोडलेलं रूप, -आर म्हणजे आतल्या फोल्डरांसकट. एवढ्यावर ती काहीच बदलत नाही, काय बदललं असतं ते फक्त छापते. ती यादी फाइलमध्ये घेऊन शांतपणे वाचा. समाधान झालं की त्याच आज्ञेत '--नोटेस्ट' घाला, मग खरा बदल होतो. जिथं जोडलेल्या नावाची फाइल आधीच असेल तिथं ती थांबते आणि सांगते. '--रिप्लेस' दिलं तर दोन्हींतला मजकूर तंतोतंत सारखा असेल तरच एक ठेवते.

तिसरी तऱ्हा, अदृश्य जोड-चिन्हाची, एनएफसीनं सुधारत नाही, कारण यूनिकोड तिला पहिलीशी समान मानत नाही. त्यासाठी पायथनची लहान स्क्रिप्ट लागेल: ०९३०, ०९४डी, २००डी हे त्रिकूट दिसेल तिथं ०९३१, ०९४डी घालायचं आणि मग एनएफसी. फोल्डर आतून बाहेर फिरा, म्हणजे सर्वांत आतली नावं आधी. उलट केलंत तर बाहेरच्या फोल्डरचं नाव बदलताच आतला रस्ता तुटतो.

जाता जाता: 'ॲफिडेव्हिट' मधला ॲ हे एक चिन्हही असू शकतं (०९७२) आणि अ अधिक चंद्र अशी दोनही. 'बँक' आणि 'बॅंक' यांचंही तसंच. हीसुद्धा एनएफसीनं एक होत नाहीत. कोणतं रूप धरायचं ते तुम्ही एकदा ठरवा आणि स्क्रिप्टमध्ये घाला.

मॅकच्या डिस्कवरून अजून बरंच यायचं असेल तर येतानाच जोडून घ्या. मॅकवर आरसिंक (फाइली कॉपी करणारी आज्ञा) ३ बसवा. मॅकसोबत पूर्वी वर्षानुवर्षं मिळालेल्या २.६.९ मध्ये ही सोय नव्हती. पर्याय: '--आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८'. आधी स्वतःकडचं, स्वल्पविराम, मग पलीकडचं.

अथणी_कचेरी

इतका खटाटोप कशाला? सगळी नावं रोमनमध्ये करा, विषय संपला. कचेऱ्यांत तेच चालतं.

येळ्ळूर_लिनक्स

रोमन केल्यानं बाइट कमी होतात हे खरं. पण दप्तर शोधायला येणारा माणूस काय टाइप करणार? बेळगावचंच बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं, त्याआधी इंग्रजीत बेलगाम. रोमनमध्ये दोन्ही स्पेलिंगं दप्तरात येणार. येळ्ळूर लिहायला दोन एल की एक, शेवटी यू की दोन ओ? ळ आणि ल चा फरक तर रोमनमध्ये उरतच नाही. मराठीत लिहिलं तर गावाचं नाव एकच. बिघाड मधल्या हत्यारांत आहे, तो वरच्या उपायांनी निघतो. त्यासाठी साठ-सत्तर वर्षांच्या कागदांची नावं दुसऱ्या लिपीत लोटू नयेत असं माझं ठाम मत आहे.

एक मात्र करा. प्रत्येक फाइलला सुरुवातीला रोमन आकड्यांचा क्रमांक द्या, ००००१ पासून. नाव कुठं बिघडलंच तर क्रमांक टिकतो, आणि क्रमांकासमोर पूर्ण मराठी-कन्नड नाव लिहिलेली एक सूची वेगळी ठेवता येते. सूची सीएसव्हीत ठेवणार असाल तर एक्सेलमधून जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

खानापूर_दप्तर

मनापासून आभार. एनएएसवर कॉन्व्ह-एमव्ही नुसती बघण्यापुरती चालवली. ३८४ नावं तोडलेल्या रूपात निघाली, त्यातली ११ अशी की जोडलेल्या रूपाची फाइल आधीच शेजारी आहे. झिपा मूळ होत्या, सेव्हन-झिपनं ६५००१ देऊन उघडल्या, मराठी आणि कन्नड दोन्ही नीट आली.

पहाणीच्या नंबरांचं राहिलं. काहींनी तिरक्या रेघेच्या जागी तिच्यासारखंच दिसणारं दुसरं चिन्ह घातलंय, काहींनी कोलनच्या जागी विसर्ग. आणि स्कॅनरच्या पीसीवर शून्य बाइटच्या सात-आठ फाइली सापडल्यात, नाव अर्धवट. त्या पुसू का?

निपाणी_बॅकअप

त्या शून्य बाइटच्या फाइली पुसू नका! मजकूर बहुधा आतच आहे.

विंडोजवर नावात नऊ चिन्हं चालत नाहीत: लहान-मोठेची दोन टोकं, कोलन, दुहेरी अवतरण, दोन्ही तिरक्या रेघा, उभी रेघ, प्रश्नचिन्ह आणि तारा. एक्सप्लोरर ती घेत नाही. पण एखाद्या प्रोग्रॅमनं 'अहवाल:२' अशा नावानं फाइल थेट लिहिली तर एनटीएफएस कोलनचा अर्थ वेगळा लावतो. 'अहवाल' नावाची रिकामी फाइल बनते आणि मजकूर तिच्या पोटात '२' नावाच्या दुसऱ्या प्रवाहात जातो. एक्सप्लोरर शून्य बाइट दाखवतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयआर' ला '/आर' जोडा, पोटातले प्रवाह आकारासह दिसतील. एक्सफॅट पेनड्राइव्हवर कॉपी केलंत की तो प्रवाह गळून पडतो, तेव्हा आधी त्याच पीसीवर बाहेर काढा. 'मोअर' आज्ञेनं काढायची पद्धत फक्त मजकुराच्या फाइलींना ठीक. पीडीएफ असेल तर पायथननं 'अहवाल:२' हे नाव बायनरीत उघडून दुसऱ्या नावानं लिहा.

मॅकचं प्रकरण. फाइंडरमध्ये तुम्ही टाइप केलेली तिरकी रेघ आतल्या सिस्टीमला कोलन म्हणून दिसते. मॅक ती फाइल नेटवर्कवरून एनएएसला देताना विंडोजला न चालणारी चिन्हं यूनिकोडच्या खासगी पट्ट्यात ढकलतो: ताऱ्याचं एफ०२१, कोलनचं एफ०२२. नावाच्या शेवटी मोकळी जागा असेल तर एफ०२८, बिंदू असेल तर एफ०२९. तुम्हाला दिसणारे चौकोन हेच. परत मॅकवरून बघितलं तर पुन्हा रेघ आणि तारा दिसतो, म्हणून मॅकवाल्याला काही बिघडलंय हे कळतच नाही. एनएएसवरच्या सांबामध्ये (विंडोज-मॅकला नेटवर्कवरून फाइली पुरवणारा प्रोग्रॅम) 'कॅटिया' आणि 'फ्रूट' ही मॉड्यूलं लावून हे जुळवता येतं, पण दप्तरासाठी नावच बदलणं पक्कं.

याच्या उलट, लिनक्सवर कोलन किंवा ताऱ्यासह बनलेली फाइल सांबामधून विंडोजला दिसते तेव्हा नाव कॅपिटल अक्षरं, आकडे आणि मधे नागमोडी रेघ असं होतं. ते सांबानं दिलेलं तात्पुरतं टोपणनाव. त्या नावानं कॉपी केलीत तर खरं नाव हरवतं.

'भूमी' या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या संगणकप्रणालीच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर, मग सरनोक, मग हिस्सा असे तीन भाग असतात आणि सरनोकच्या जागी बहुतेक वेळा ताराच छापलेला असतो. तारा म्हणजे 'काही नाही' असं समजून गाळू नका. गाळला तर ४५/*/२ आणि ४५/२ यांतला भेद जातो, आणि सरनोक असलेला नंबर पुढं आला की घोळ. रेघेच्या जागी साधी आडवी रेघ आणि ताऱ्याच्या जागी 'तारा' हा शब्द घाला. सर्व्हे नंबर चार आकडी करा म्हणजे क्रमानं लागतात. भाग वेगळे करायला अधोरेषा, भागाच्या आत आडवी रेघ:

०१८७३_खानापूर_पहाणी_००४५-तारा-२_१९७२-०३-१४

(आकडे इथं देवनागरीत दिसतायत, नावात रोमन ठेवा.) तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. १४/३ असं लिहिलं की पुन्हा तीच तिरकी रेघ.

तिरक्या रेघेसारखी दिसणारी चिन्हं मुख्यतः तीन आहेत: २०४४, २२१५ आणि एफएफ०एफ. विंडोज तिन्ही स्वीकारतो, म्हणूनच ती घातक, कारण शोधताना कोणी ती टाइप करत नाही. स्क्रिप्टमध्ये तिन्हींची आडवी रेघ करा. एफ०२० ते एफ०२९ या पट्ट्यातलंही काही उरलंय का तेही शोधा. विसर्गाची मात्र सरसकट बदली करू नका, 'दुःख', 'अंतःकरण' यांत तो खरा आहे. आकड्याला किंवा मोकळ्या जागेला चिकटून आलेला विसर्ग तेवढाच संशयित.

नावाच्या शेवटची मोकळी जागा आणि बिंदू हेही तपासा. लिनक्सवरून एनटीएफएस डिस्कवर अशी फाइल लिहिली गेली तर विंडोज ती दाखवतो पण उघडत नाही, पुसत नाही. रस्त्याच्या आधी दोन उलट्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि एक उलटी रेघ लावून नाव बदलता येतं, किंवा सेव्हन-झिपच्या फाइल मॅनेजरमधून. असा ड्राइव्ह लिनक्सवर एनटीएफएस-३जी नं माउंट करताना 'विंडोज_नेम्स' पर्याय द्या, मग चुकीचं नाव बनतच नाही.

विंडोजवरून एनएएसवर न्यायला रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची आज्ञा) घ्या, एक्सप्लोरर नको. रोबोकॉपी २६० चिन्हांपेक्षा लांब रस्तेही पेलतो. विंडोज ७ च्या एक्सप्लोररला ते जमत नाही. आधी '/ई /एल' देऊन नुसती यादी काढा. नोंद '/लॉग' नं घेऊ नका, '/युनिलॉग' नं घ्या. नाहीतर नोंदीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि कोणती फाइल अडली तेच कळत नाही.

मलप्रभाकाठ

त्या ११ जोड्यांबद्दल. '--रिप्लेस' चालवण्याआधी प्रत्येक जोडीचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढा. सारखे आले तर एक ठेवायला हरकत नाही. वेगळे आले तर दोन्ही उघडून पानांची संख्या बघा. बरेचदा एक अर्धवट स्कॅन असतो आणि दुसरा पूर्ण. ठरेपर्यंत तोडलेल्या नावाच्या फाइलला शेवटी '_मॅक' जोडून ठेवा, म्हणजे एनएएसवर त्या डोळ्यांना वेगळ्या दिसतील आणि मॅकवरही दोन्ही शेजारी राहतील.

आणि पेनड्राइव्हवर कॉपी झाल्यावर बिंदू-अधोरेषेनं सुरू होणाऱ्या छोट्या फाइली दिसल्या तर घाबरू नका. एक्सफॅटवर मॅक स्वतःची जादा माहिती अशा फाइलींत ठेवतो. मॅकवर 'डॉट_क्लीन' चालवून त्या काढा, मगच फाइलींची संख्या एनएएसशी ताडून बघा. नाहीतर ६,२०० च्या जागी १२,४०० दिसतील.